रक्त काढणं सोपं, रिपोर्ट आल्यावर काय? ज्येष्ठ नागरिक संघाच्या प्रोस्टेट शिबिराविषयी

वाचकाचं पत्र:

स. न. वि. वि. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्येष्ठ नागरिक संघाचा सचिव आहे. वय 68. संघात दीडशेच्या आसपास पुरुष सभासद आहेत. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाची कंबर दुखायला लागली. आठ महिने सायटिका समजून शेक, मालिश, इंजेक्शनं चालली. शेवटी एमआरआय काढला तर प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरलेला. वय अवघं 66. तेव्हापासून सगळे धास्तावले आहेत. 1 ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो, त्या दिवशी गावातली एक लॅब 100 जणांची पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी मोफत करून देतो म्हणते. कोणी म्हणतं सगळ्यांची करा. आमचे 84 वर्षांचे अण्णा तर पहिला नंबर माझा म्हणतात. कोणी म्हणतं गुदद्वारात बोट घालून तपासणार असाल तर आम्ही फिरकणार नाही. आणि एक ओळखीचे डॉक्टर म्हणतात, पीएसएच्या नादाला लागूच नका. शिबिर घ्यावं का? घेतलं तर नीट कसं घ्यावं?

उत्तर:

सचिवसाहेब, सप्रेम नमस्कार.

शिबिर घ्या. पण 1 ऑक्टोबरची घाई करू नका, आणि 'सगळ्यांची' करू नका. लॅबचा माणूस येईल, दोन तासांत शंभर नळ्या भरून घेऊन जाईल. तो भाग सोपा आहे. तिसऱ्या दिवशी दहा-बारा सभासद हातात 'हाय' लिहिलेला कागद घेऊन तुमच्या दारात उभे राहतील, तेव्हा त्यांना कोणाकडे पाठवायचं, दुसरी तपासणी कधी आणि कोणाच्या खर्चाने करायची, हे आधी ठरलेलं नसेल तर त्या शिबिराने भल्यापेक्षा त्रास जास्त होतो. तुमचे डॉक्टर मित्र बहुधा याच अनुभवाने बोलत असावेत.

ब्रिटनमध्ये 50 ते 69 वयाच्या चार लाखांहून अधिक पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. त्यातल्या एका गटाला फक्त एकदाच पीएसएसाठी बोलावलं होतं. 15 वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरने झालेले मृत्यू मोजले. बोलावलेल्या गटात 0.69 टक्के, न बोलावलेल्या गटात 0.78 टक्के. म्हणजे हजार माणसांमागे एकाचाही पुरता फरक नाही. याउलट युरोपातल्या सात-आठ देशांत ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा पीएसए केलं गेलं. तिथे 23 वर्षांनी, बोलावलेल्या दर 456 पुरुषांमागे एक मृत्यू टळलेला दिसला, आणि प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू 13 टक्क्यांनी घटले. एक दिवसाच्या शिबिराने हाती फारसं काही लागत नाही. वर्षानुवर्षं चालणाऱ्या नोंदवहीने लागतं. तुमच्या संघाकडे ती नोंदवही चालवण्याइतकी माणसं आणि वेळ आहे. हे मोठ्या इस्पितळालाही जमत नाही, म्हणून आम्ही 'घ्या' म्हणतो.

आता पीएसए म्हणजे काय ते सभासदांना आधी सांगा, कारण निम्मी भीती इथेच आहे. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. पीएसए हे तिथेच तयार होणारं प्रथिन, वीर्य पातळ ठेवण्यासाठी. ते कॅन्सरचं नाही, प्रोस्टेटचं आहे. प्रोस्टेट वयाने वाढली, सुजली, तिथे जंतू शिरले, लघवी तुंबून नळी घालावी लागली, की हे प्रथिन रक्तात जास्त उतरतं. आकडा 4 ते 10 च्या मध्ये आला तर चारांतल्या साधारण तिघांना कॅन्सर नसतो. आणि दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. आकडा 4 च्या खाली असूनही साधारण सात जणांत एकाच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडू शकतात, त्यातल्या बऱ्याचशा निरुपद्रवी असल्या तरी. म्हणून 'नॉर्मल' रिपोर्ट म्हणजे हमीपत्र नव्हे आणि 'हाय' रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे. ही दोन वाक्यं मोठ्या अक्षरात लिहून शिबिराच्या दारात लावा.

अजून एक गैरसमज काढायला हवा. लघवीची धार बारीक होणं, रात्री चार वेळा उठणं, झाल्यावरही ठिबकणं, ही लक्षणं बहुतेक वेळा साध्या वाढलेल्या प्रोस्टेटची असतात. कॅन्सर सहसा ग्रंथीच्या बाहेरच्या, मागच्या भागात सुरू होतो, नळीपासून दूर, त्यामुळे सुरुवातीला तो काहीच त्रास देत नाही. तुमच्या त्या सभासदाला लघवीचा काही त्रास नव्हता असं निघालं तरी नवल वाटायला नको. हा कॅन्सर पसरतो तो मणक्यात आणि कमरेच्या हाडांत. पाठदुखी किंवा कंबरदुखी सहा आठवडे झाली तरी कमी होत नसेल, रात्री आडवं पडल्यावर वाढत असेल, सोबत वजन उतरत असेल, तर 50 च्या पुढच्या पुरुषाच्या तपासण्यांत पीएसएही असायला हवं. ते शिबिराचं काम नाही, दवाखान्याचं आहे, आणि तिथे वयाची वरची अट नाही. पाठदुखीबरोबर पायांतलं बळ जाऊ लागलं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटू लागलं, लघवी अडकली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. मणक्यातल्या गाठीचा दाब मज्जारज्जूवर पडतोय असं ते असू शकतं. तासातासाने पाय हातचे जातात, आणि एकदा गेले की परत येणं कठीण.

कोणाची करायची, कोणाची नाही

आमचं मत स्पष्ट आहे: 55 ते 69. बहुतेक पुरावा याच वयाचा आहे. 50 ते 54 मधल्या ज्याला समजून घेऊन करायची असेल त्याची करा. ज्याच्या वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला आहे त्याला धोका दुपटीहून जास्त, त्याने 45 पासून बघावं. आई, बहीण, मावशी यांच्यात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर लहान वयात झाला असेल तर तेही अर्जात लिहून घ्या. काही घराण्यांत बीआरसीए-2 नावाचा एकच जनुकदोष बायकांत तो आणि पुरुषांत हा कॅन्सर घडवतो. आपल्याकडे पुरुष वडिलांकडच्या आजारांबद्दल सांगतात आणि आईकडचं विसरतात, तेव्हा मुद्दाम विचारा.

70 च्या पुढे लक्षणं नसताना सरसकट पीएसए करू नये, असा अमेरिकेच्या तज्ज्ञसमितीचा 2018 चा सल्ला आहे आणि आम्हाला तो पटतो. तुमच्या अण्णांना हे कसं सांगायचं ते पुढे येईलच, कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होणार. मृतदेहांच्या तपासण्यांत असं दिसलं आहे की 80 च्या आसपास पोचलेल्या पुरुषांत अर्ध्याहून अधिकांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरच्या पेशी असतात आणि त्यांना ते जन्मभर कळलेलंही नसतं. ते दुसऱ्याच कशाने गेलेले असतात. अशा माणसाला शोधून काढून त्याच्यावर उपचार केले तर आयुष्य वाढत नाही, फक्त त्रास वाढतो. लघवीवरचा ताबा जाणं ही त्यातली मोठी गोष्ट. ब्रिटनमधल्याच एका अभ्यासात प्रोस्टेट काढलेल्यांपैकी 17 टक्के पुरुष सहा वर्षांनीही पॅड वापरत होते. 62 व्या वर्षी, जीव वाचत असेल तर, हा सौदा माणूस विचार करून पत्करतो. 84 व्या वर्षी कशासाठी?

ज्यांना आजवर कधी हृदयाचा मोठा झटका, डायलिसिस, पक्षाघात असं काही झालं आहे आणि पुढची दहा वर्षं अवघड वाटतात, त्यांनाही वय 60 असलं तरी आग्रह करू नका. हे त्यांच्या घरच्या डॉक्टरांनी ठरवावं, संघाने नव्हे.

बोटाचा प्रश्न

ज्यांची पावलं यामुळे अडली आहेत त्यांना खुशाल सांगा, शिबिरात ती तपासणी नाही. 'अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर' ही आपल्याकडची म्हण उगीच नाही. ओळखीच्या गावात, ओळखीच्या डॉक्टरसमोर पुरुष चड्डी सोडायला तयार होत नाही, आणि त्याला त्यासाठी हिणवण्यात अर्थ नाही. वैद्यकीय कारणही आहे. रांगेत उभ्या केलेल्या, काही त्रास नसलेल्या पुरुषांत बोटाने तपासून लवकरच्या गाठी फारशा सापडत नाहीत. मात्र ज्याचा पीएसए वाढलेला आहे किंवा ज्याला त्रास आहे, त्याची ही तपासणी मूत्ररोगतज्ज्ञ करतात, बंद खोलीत, कुशीवर झोपवून, अर्ध्या मिनिटात. दगडासारखी घट्ट गाठ लागली तर पीएसए कमी असूनही पुढे जावं लागतं. तेव्हा नाही म्हणू नये. एवढं आधीच सांगून ठेवा.

शिबिराआधीचे सहा आठवडे

पहिलं काम लॅबशी बोलणं. 100 तपासण्या मोफत आहेत ना? मग त्यांना सांगा, आम्ही पहिल्या दिवशी 80 च करू, उरलेल्या 20 फेरतपासणीसाठी राखून ठेवा, त्याच मशिनवर. हे लेखी घ्या. ब्रिटनच्या त्या चाचणीत 100 पुरुषांमागे साधारण 11 जणांचा आकडा 3 च्या वर होता. तुमच्या 80 मध्ये आठ-दहा जण निघतील असं धरून चाला. त्यांची दुसरी तपासणी स्वतःच्या खिशातून करायची वेळ आली की निम्मे करत नाहीत. मशिन तेच हवं याचं कारण, वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच रक्ताचे आकडे बऱ्यापैकी वेगळे येतात. एका ठिकाणी 4.8 आणि दुसऱ्या ठिकाणी 3.9 आलं म्हणजे उतरलं असं नव्हे.

लॅब पट्टीवरची झटपट कार्ड तपासणी देत असेल तर नको म्हणा. तिच्यात फक्त 'आहे-नाही' कळतं, आकडा मिळत नाही, आणि आकड्याशिवाय पुढच्या वर्षीशी तुलना करता येत नाही. 'फुल बॉडी पॅकेज सवलतीत' वगैरे जोड दिली तर तीही नको. साखरेसाठी उपाशी बोलावलेले मधुमेही आजोबा अकरापर्यंत रांगेत उभे राहिले की चक्कर येऊन पडतात. पीएसएला उपाशी राहावं लागत नाही. चहा-पोहे खाऊन या म्हणावं.

दुसरं काम दोन डॉक्टर ठरवणं. एक गावातला, जो प्रत्येक रिपोर्ट बघेल आणि सभासदाशी समोरासमोर बोलेल. दुसरा मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे युरॉलॉजिस्ट, ज्याच्याकडे पुढचे लोक जातील. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तुम्हाला मिरज सोयीचं, युरॉलॉजीची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी फोन करून विचारून घ्या. माणूस एसटीने जातो आणि 'आज साहेब नाहीत' ऐकून परत येतो, की पुन्हा जात नाही. कोणत्या आकड्याच्या वर फेरतपासणी करायची हेही या दोघांकडून शिबिराआधी लिहून घ्या. 55 ते 69 साठी 3 किंवा 4, दोन्ही चालतात. पण रिपोर्ट आल्यावर माणूस बघून आकडा बदलायचा नाही.

तिसरं, दहा ओळींचा अर्ज. तोंडी विचारू नका, रांगेत कोणी खरं सांगत नाही. अर्ज घरी न्यायला द्या, घरातल्यांच्या मदतीने भरून आणू द्या. त्यात विचारायचं ते असं. गेल्या सहा आठवड्यांत लघवीला जळजळ, ताप, जंतुसंसर्ग झाला होता का? लघवी तुंबून नळी घातली होती का? प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासला होता का? यातलं काही असेल तर त्याची तपासणी सहा आठवडे पुढे ढकला, नाहीतर फुगलेला आकडा येणारच. गेल्या दोन दिवसांत वीर्यपतन झालं का किंवा लांबवर सायकल चालवली का, हाही प्रश्न छापा. साठीच्या पुरुषाला पहिलं विचारायला संकोच वाटतो, पण छापील कागदावर तो उत्तर देतो. दोन दिवस थांबून करता येतं, एवढंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना औषधांचा. प्रोस्टेट लहान करण्यासाठी फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड घेणारे बरेच सभासद तुमच्यात असतील. कित्येकदा ते लघवी मोकळी करणाऱ्या टॅमसुलोसिनबरोबर एकाच गोळीत असतं आणि माणसाला नाव माहीत नसतं. ही औषधं सहा महिन्यांत पीएसए निम्म्यावर आणतात. म्हणजे अशा माणसाचा रिपोर्ट 2.6 आला तर तो 5.2 समजायचा. लॅबच्या कागदावर तो 'नॉर्मल' छापून येतो, आणि इथेच खरा कॅन्सर नजरेतून सुटतो. म्हणून सगळ्यांना गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणायला सांगा आणि कोणातरी फार्मसिस्टला टेबलावर बसवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करायची गरज नाही. सुई काढल्यावर पाच मिनिटं दाबून धरायचं, बस.

शिबिराचा दिवस

रक्त काढण्याआधी वीस मिनिटं बोलणं ठेवा. भाषण नको, सत्कार-नारळ तर त्या दिवशी नकोच. दहा-दहा जणांचे गट करून डॉक्टरांनी वर सांगितलेलं सांगावं, प्रश्न घ्यावेत. बायकांनाही बसू द्या. रात्री नवरा किती वेळा उठतो हे त्यांना त्याच्यापेक्षा नेमकं माहीत असतं, आणि पुढची तारीखही त्याच लक्षात ठेवतात. ऐकून कोणी 'नको' म्हणाला तर त्याची सही न घेता, नाराजी न दाखवता त्याला चहा द्या. शिबिराचं यश किती नळ्या भरल्या यावर मोजू नका.

नळीवर नाव, वय आणि अर्जाचा क्रमांक, तिन्ही त्याच्यासमोर लिहा. गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे दोघे-तिघे असतातच, आणि अदलाबदल झालेला रिपोर्ट पकडणं जवळजवळ अशक्य असतं. तीन ते पाच मिलिलिटर रक्त पुरतं. ते अर्धा तास गोठू द्यायचं आणि दोन-तीन तासांत फिरवून वरचा द्रव वेगळा करून थंड पेटीत ठेवायचा. तालुक्याच्या लॅबला हे जमतं. पण नमुने दुसऱ्या शहरात जाणार असतील तर 'किती वाजता वेगळा करणार?' हा प्रश्न विचाराच. ऑक्टोबरच्या उन्हात मांडवातल्या टेबलावर दुपारपर्यंत पडलेल्या नळीत पीएसए झिजतं, आणि फ्री पीएसए, म्हणजे रक्तात सुटं फिरणारं पीएसए, तर त्याहून लवकर. आकडा खोटा कमी येतो.

रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात. संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी टाकू नका, फलकावर लावू नका, 'आपल्याकडे नऊ जण पॉझिटिव्ह' असं तर चुकूनही कुठे बोलू नका. असं एकदा झालं की पुढच्या वर्षी कोणी येणार नाही. आणि ते त्यांचं बरोबर असेल.

आकडा वाढलेला आला तर

3 किंवा 4 च्या वर पण 10 च्या आत: घाई नाही. लघवीची साधी तपासणी आणि गरज पडल्यास कल्चर करून जंतू नाहीत ना ते बघायचं. चार ते आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा पीएसए. चारांत एकाचा तरी आकडा आपोआप खाली येतो. जंतुसंसर्ग नसताना नुसता आकडा उतरवायला म्हणून महिनाभर अँटिबायोटिक देण्याची पद्धत अजून आहे. ती घेऊ नका. उपयोग नसतो आणि पुढे बायोप्सीची वेळ आली तर तेच औषध लागू पडेनासं होतं.

दुसऱ्यांदाही वाढलेला असेल तर युरॉलॉजिस्ट. ते फ्री पीएसए मागतील. एकूण पीएसएच्या तुलनेत ते 25 टक्क्यांच्या वर असेल तर दिलासा, 10 च्या खाली असेल तर काळजी. सोनोग्राफीत प्रोस्टेटचं आकारमान येतं, त्यावरून एक सोपा हिशोब होतो: पीएसए भागिले आकारमान. पीएसए 6 आणि प्रोस्टेट 60 मिलिलिटरची असेल तर 0.10, म्हणजे ग्रंथी मोठी आहे म्हणून आकडा मोठा. तेच 6 जर 25 मिलिलिटरच्या छोट्या ग्रंथीतून येत असेल तर 0.24. 0.15 च्या वर गेलं की संशय वाढतो. नुसत्या सोनोग्राफीत 'गाठ नाही' लिहिलंय म्हणून मात्र थांबू नये. हा कॅन्सर साध्या सोनोग्राफीत सहसा दिसत नाही.

मग एमआरआय, आणि तो तुकडा काढण्याच्या आधी. त्यात 1 ते 5 असे संशयाचे गुण देतात, त्यांना पाय-रॅड्स म्हणतात. 1-2 असेल आणि बाकी हिशोब बरा असेल तर बऱ्याच जणांची बायोप्सी टळते. 4-5 ला ती लागते. बायोप्सी दोन वाटांनी होते. गुदद्वारातून सुई घातली तर आतड्यातले जंतू रक्तात जायचा धोका असतो, आणि आपल्याकडे त्यातले बरेच जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. गुदद्वाराच्या पुढच्या कातडीतून घातली तर तो धोका खूपच कमी. कोणती सोय आहे ते विचारावं. बायोप्सीनंतर लघवीत थोडं रक्त काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे दिसतं, त्याला घाबरू नये. थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट न बघता रात्रीच रुग्णालय गाठावं. इथे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न येतो. त्या कधी थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच, स्वतःहून नाही.

10 च्या वर आलेल्याला संघाने फोन करून त्याच आठवड्यात पाठवावं. 20 च्या वर असेल किंवा हाडं दुखत असतील तर फेरतपासणीची वाट बघत बसू नये.

आणि कॅन्सर निघालाच तर? तेव्हा सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न: ग्लीसन, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात त्याचे गुण, किती? 6 असेल तर बहुतेकांना लगेच ऑपरेशन लागत नाही. ठरावीक मुदतीने पीएसए, एमआरआय आणि बायोप्सी करत लक्ष ठेवतात. ग्रंथीतच असलेल्या कॅन्सरच्या ब्रिटिश रुग्णांना ऑपरेशन, किरणोपचार आणि नुसतं लक्ष ठेवणं अशा तीन गटांत वाटून 15 वर्षं पाहिलं, तर तिन्हींत साधारण 97 टक्के पुरुष या कॅन्सरने दगावले नव्हते. ही माहिती ज्याच्या हातात बायोप्सीचा कागद आहे त्याच्यापर्यंत पोचायलाच हवी, कारण 'कॅन्सर' शब्द ऐकला की पोरं रातोरात जमीन गहाण टाकायला निघतात. पसरलेल्या आजारातही पुरुषी हार्मोन दाबणाऱ्या उपचाराने दुखणं उतरतं आणि वर्षं मिळतात. अंडकोष काढण्याचं एकदाचं छोटं ऑपरेशन किंवा महिन्या-तीन महिन्यांनी इंजेक्शन, दोन्हींचं काम तेच.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र रुग्णालयात बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती होण्याआधी त्याला भेटावं, कोणती तपासणी योजनेत बसते आणि कोणती नाही ते तोच सांगेल. 70 पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही. ही कार्डं शिबिराच्या दिवशीच काढून द्यायची सोय झाली तर पीएसएपेक्षा जास्त उपयोग होईल.

नोंदवही

एक जाड वही, कुलपात. अर्जाचा क्रमांक, वय, फोन, तारीख, आकडा, लॅबचं आणि किटचं नाव, फिनास्टराइड-ड्युटास्टराइड चालू आहे का, आणि शेवटचा रकाना पुढच्या तारखेचा. साठीच्या आसपास आकडा 1 च्या खाली असेल तर वर्षावर्षाला सुई टोचायची गरज नाही. युरोपातले मूत्ररोगतज्ज्ञ कमी धोक्याच्या माणसाला आठ वर्षांपर्यंत थांबायला सांगतात. 2 च्या वर असेल तर दोन वर्षांनी. मधल्यांचं तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं. दोन सभासदांनी ही वही दर महिन्याला उघडायची आणि ज्यांची तारीख आली त्यांना फोन करायचा. ज्याची फेरतपासणी राहिली आहे त्याच्या घरी जायचं. फोनवर सगळे 'हो, जातो' म्हणतात.

अण्णा आणि सत्तरीपुढचे

त्यांना 'तुमचं वय झालं, तुमची नाही' असं सांगितलं तर ते दुखावतील, आणि रास्तही आहे. त्यांच्यासाठी वेगळं टेबल ठेवा, कारण त्यांना मदत जास्त हवी आहे, फक्त वेगळी. लघवीच्या त्रासाची सात प्रश्नांची एक तपासयादी असते, आयपीएसएस म्हणतात. गुण 0 ते 35. सातपर्यंत सौम्य, 8 ते 19 मध्यम, 20 पासून पुढे तीव्र. मध्यम आणि त्यापुढे असलेल्यांना डॉक्टरकडे पाठवा, लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत बघतात. रात्रीच्या लघवीला दर वेळी प्रोस्टेट जबाबदार नसते. साखर, संध्याकाळी घेतलेली बीपीची पाण्याची गोळी, दिवसभर पायांवर उतरलेली सूज, यातलं काहीही असू शकतं. तीन दिवस मापाच्या भांड्यात मोजून लिहिलं की डॉक्टरांना कारण लगेच दिसतं. टॅमसुलोसिन नवं सुरू झालं असेल तर रात्री झोपताना घ्यावं आणि पहाटे उठताना पलंगाच्या काठावर मिनिटभर बसावं, नाहीतर भोवळ येऊन खुब्याचं हाड मोडतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगावं. आणि सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये लघवी पार तुंबू शकते.

त्याच टेबलावर बॅटरी घेऊन तोंड तपासणारा एक दंतवैद्य बसवा. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. तंबाखू मळणाऱ्या आपल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर जास्त आढळतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं. अण्णांना तिथे पहिला नंबर द्या.

राहता राहिले तुमचे ते आजारी सभासद. त्यांच्या मुलांचं आणि धाकट्या भावांचं वय काय आहे? वडिलांना पसरलेला कॅन्सर असेल तर मुलांनी 45 ला पहिलं पीएसए करायला हवं. भावांनी तर लगेच. पुण्या-मुंबईला असतील तर तिथेच करतील. हे मुला-भावांना तुम्ही सांगू नका, आजारी सभासदाच्या परवानगीशिवाय त्यांच्या आजाराची बातमी पुढे जायला नको. त्यांना भेटायला जाल तेव्हा ही गोष्ट त्यांच्या कानावर घाला, आणि फोन त्यांनाच करू द्या.